गाडीचे दुखणे : दुरुस्ती की भंगार?



गेल्या हिवाळ्यात आमची तेरा वर्षांची गाडी ट्रेंट ब्रिजजवळ एकाएकी बंद पडली. आधी ना धूर, ना आवाज. ओढून गॅरेजात नेली. मेकॅनिक म्हणाला, "टायमिंग बेल्ट तुटलाय. आतलं सगळं गेलं."

मुलांनो, इंजिनात पिस्टन वरखाली होतात आणि व्हॉल्व्ह उघडतात-मिटतात. दोघांचा मेळ राखतो तो हा रबरी पट्टा. तो तुटला की बऱ्याच इंजिनांत पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात आणि व्हॉल्व्ह वाकतात. म्हणून पट्टा ठरावीक मैलांनी किंवा वर्षांनी बदलायचा असतो. कधी बदलायचा ते गाडीच्या पुस्तकात दिलेले असते.

ते पुस्तक आमचे हे सांभाळत. हे गेल्यावर मी ते उघडलेच नाही. दर वर्षी एम.ओ.टी. पास होते, म्हणजे गाडी ठणठणीत, असे धरून चालले. पण एम.ओ.टी.मध्ये ब्रेक, दिवे, टायर, गंज, धूर बघतात. इंजिन, क्लच, गिअरबॉक्स यांची प्रकृती बघत नाहीत. जन्मभर नर्स म्हणून काम केले, औषधाची वेळ कधी चुकवली नाही, आणि घरात हे चुकले!

दुसरे जुने इंजिन बसवायला १,९०० पौंड सांगितले. दुरुस्त होऊन गाडीची किंमत फार तर १,३००. भंगारात २२० मिळणार.

ठाण्याहून भाऊ फोनवर म्हणाला, "अगं ताई, इंजिनचं काम काढून घे. चांगली गाडी भंगारात कसली देतेस!" त्याचेही खरे. कुर्ल्याला बनलेल्या पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या मेकॅनिकांनी वर्षानुवर्षे चालत्या ठेवल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची टॅक्सी बंद झाली, तीही २० वर्षांची वयोमर्यादा भरली म्हणून. पण इथे मजुरी तासावर, आणि तीच महाग.

मन मात्र ऐकेना. गाडी ह्यांनी घेतलेली. ह्यांचा चष्मा अजून पुढच्या खणात होता.

मग माझगावच्या कदुरी शाळेत शिकवला तसा कागदावर हिशेब मांडला. नुसती किंमत बघून चालत नाही. १,९०० पौंडांत दुसरी जुनी गाडी घेतली तर तिचे दुखणे आपल्याला ठाऊक नसते. आपली तरी माहीत असते. म्हणून बाकीचे अंग धड असेल तर दुरुस्ती करणे वेडेपणा नव्हे. मी जुने एम.ओ.टी. कागद काढले. दोन वर्षे लागोपाठ लिहिले होते : खाली गंज धरतोय. म्हणजे नवे हृदय बसवायचे आणि हाडे ठिसूळच! तिथे माझे ठरले.

भंगारात देताना एवढे लक्षात ठेवा. गाडी सरकारमान्य केंद्रातच द्या आणि गाडी मोडल्याचा दाखला मागून घ्या. इंग्लंडमध्ये २०१३ पासून भंगार गाडीचे पैसे रोख देता येत नाहीत. कोणी नोटा पुढे केल्या तर लांब राहा. डी.व्ही.एल.ए.ला लगेच कळवा, नाहीतर १,००० पौंडांपर्यंत दंड होतो. कळवले की उरलेल्या पुऱ्या महिन्यांचा रोड टॅक्स परत येतो. विमा मात्र आपणच बंद करायचा. आणि खण नीट तपासा!

दुसरी गाडी घेतली नाही. साडेनऊनंतर पास दाखवून बस फुकट. कढीपत्ता नि मासळी आणायला लेस्टरला रेल्वेने जाते. पाऊस असला की गाडीची आठवण येते, खोटे कशाला सांगू? चष्मा आता माझ्या टेबलावर आहे.

ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी आज गाडीचे पुस्तक उघडून पट्ट्याची तारीख बघा. म्हाताऱ्यांना दिसत नसेल तर नातवंडांनी वाचून दाखवा.

— एक निवृत्त नर्स, नॉटिंगहॅम