बेस लई बेस! ली रॉकर आणि त्याचे भटके बोके

बँडमधला बेसवाला ओळखायचा कसा? मागे, अर्ध्या अंधारात, मान खाली घालून उभा असतो तो! बरोबर? साफ चूक! निदान रॉकाबिलीच्या दुनियेत तरी. इथला बेसवाला थेट पुढे येतो, जवळजवळ सहा फुटी लाकडी धूड गरकन फिरवतो, तिरकं करतो, त्यावर चक्क चढून उभा राहतो आणि ताल तसूभरही ढळू देत नाही. या खेळातला आजचा उस्ताद म्हणजे ली रॉकर, ‘स्ट्रे कॅट्स’ (म्हणजे भटके बोके) या बँडचा बेसिस्ट. वय साठीपार, एनर्जी विशीतली. चला तर, वन, टू, थ्री, फोर!

आधी क्विक रिव्हिजन. रॉकाबिली म्हणजे १९५० च्या दशकात अमेरिकेच्या दक्षिणेत, मुख्यतः मेम्फिस शहरात उसळलेलं संगीत. ब्लूज घ्या, गावरान कंट्री म्युझिक घ्या, दोन्ही फुल स्पीडला घुसळा. एल्विस प्रेस्ली, कार्ल पर्किन्स, जॉनी कॅश, सगळे याच घुसळणीतून वर आलेले.

माहीत आहे का? ली रॉकरचं जन्मनाव लिऑन ड्रकर! आडनाव असं झक्क की दोन अक्षरं इकडेतिकडे केली आणि रॉकर तयार.

आता बाबांची एंट्री. स्टॅनली ड्रकर म्हणजे न्यूयॉर्क फिलहार्मोनिक या जगविख्यात ऑर्केस्ट्राचे क्लॅरिनेटवादक. १९४८ मध्ये आत गेले ते २००९ मध्येच बाहेर पडले! क्लॅरिनेटवादक म्हणून सर्वांत लांब कारकिर्दीचा गिनेस रेकॉर्ड त्यांच्या नावावर लागला: फिलहार्मोनिकच्या आधीचा काळ धरून ६२ वर्षांहून जास्त. कॉन्सर्ट किती? १० हजारांच्या वर. आई नाओमीसुद्धा क्लॅरिनेटवादक. आडातच एवढं पाणी, मग पोहऱ्यात येणार नाही तर काय! फक्त पोहऱ्याने वाट बदलली. ली लहानपणी चेलो शिकला आणि पुढे डबल बेसवर येऊन थांबला.

आणि हे तर मुंबईकरांनी कॉलर ताठ करून वाचावं. १९७८ ते १९९१ या काळात न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचे संगीत दिग्दर्शक कोण होते? आपल्या मुंबईत जन्मलेले झुबीन मेहता! अमेरिकन संगीतकार जॉन कोरिलियानो यांचा क्लॅरिनेट कॉन्चेर्तो स्टॅनली ड्रकर यांनी मेहतांच्या संचालनाखाली रेकॉर्डही केला. म्हणजे लेक क्लबांत धुमाकूळ घालत होता, त्याच वर्षांत बाबा टेलकोट घालून एका मुंबईकराच्या छडीच्या इशाऱ्यावर सूर धरत होते. हा योग मला भलताच आवडतो.

आणखी एक योगायोग घ्या. बाबा फिलहार्मोनिकमध्ये दाखल झाले तेव्हा वय १९. लेकाचं पहिलं हिट गाणं आलं तेव्हा त्याचं वय? १९!

त्या हिटची कहाणी भन्नाट आहे. लीचं गाव मॅसापीक्वा, न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर. (गाव छोटं, पण कॉमेडियन जेरी साइनफेल्ड इथलाच आणि अभिनेता अ‍ॅलेक बाल्डविनही!) १९७९ मध्ये इथल्या तीन पोरांनी ‘स्ट्रे कॅट्स’ हा बँड काढला. गिटार आणि गाणं ब्रायन सेट्झर, ड्रम्स स्लिम जिम फँटम, बेस ली रॉकर. केसांचे उंच कोंबडे आणि २५ वर्षांपूर्वीचं संगीत. अमेरिकेत तेव्हा याला गिऱ्हाईकच नव्हतं. मग काय, १९८० च्या उन्हाळ्यात तिघांनी गाशा गुंडाळला आणि गाठलं थेट लंडन. ओळख ना पाळख, पण हिंमत दांडगी. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये ‘रनअवे बॉइज’ बाजारात आलं आणि ब्रिटनच्या टॉप टेनमध्ये जाऊन बसलं! अमेरिकन संगीत, अमेरिकन पोरं आणि पहिली शाबासकी इंग्रजांची.

घरच्यांना जाग यायला १९८२ उजाडलं. ब्रिटनमधल्या दोन अल्बममधली गाणी निवडून, वर एक नवं घालून अमेरिकेत ‘बिल्ट फॉर स्पीड’ काढला. एमटीव्ही तेव्हा नुकता रांगायला लागला होता आणि त्याच्या पडद्याला असे फोटोजेनिक बोके हवेच होते. अल्बम अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत दुसऱ्या नंबरला पोचला आणि तिथे तब्बल १५ आठवडे ठाण मांडून बसला.

मग पहिला नंबर का नाही? कारण वर ‘मेन अ‍ॅट वर्क’ नावाचा ऑस्ट्रेलियन बँड हलायला तयार नव्हता. मांजर आडवं गेलेलं आपण ऐकतो. इथे मांजरांनाच कोणी तरी आडवं गेलं!

माहीत आहे का, पुढच्याच वर्षी हे दोन्ही बँड एकाच दिवशी एकाच स्टेजवर आले? २८ मे १९८३, कॅलिफोर्नियातला ‘यूएस फेस्टिव्हल’. आधी स्ट्रे कॅट्स, मग मेन अ‍ॅट वर्क, शेवटी द क्लॅश. आणि एवढी जत्रा भरवणारा कोण, तर अ‍ॅपल कंपनीचा सहसंस्थापक स्टीव्ह वॉझनियाक!

आता जरा थांबू, कारण खरा मसाला इथे आहे. स्लॅप बेस! हे वाद्य सिंफनीत बो घेऊन वाजवतात, जॅझमध्ये बोटांनी छेडतात. रॉकाबिलीत त्याला चक्क फटके पडतात. उजव्या हाताची बोटं तारेत अडकवून ती ओढायची आणि सोडायची. तार सणकन परत येऊन फिंगरबोर्डवर आपटते: टक्! लगेच तळवा तारांवर मारायचा: टक्! खाली सूर, वर ठेका. ढोलकीवर थाप पडावी तसा कडक आवाज, आणि तोही तारवाद्यातून! हा वेग सांभाळताना बोटांना फोड येतात, म्हणून कित्येक बेसिस्ट टेप गुंडाळूनच स्टेजवर चढतात. बरेचजण दोन पिकअप (वाद्याचा आवाज टिपून स्पीकरकडे पाठवणारी यंत्रं) लावतात: घोडीजवळचा भरदार सुरासाठी, फिंगरबोर्डवरचा त्या ‘टक्’साठी. स्पीकरमधून येतो तो मग एकाच माणसाने वाजवलेला दीड माणसाचा आवाज.

याचा फायदा? ड्रमर नसला तरी भागतं! एल्विसचं ‘दॅट्स ऑल राइट’ ५ जुलै १९५४ ला मेम्फिसच्या सन स्टुडिओत रेकॉर्ड झालं तेव्हा ड्रम्स नव्हतेच. एल्विस, गिटारवर स्कॉटी मूर, बेसवर बिल ब्लॅक. बास! ठेक्याची सगळी जबाबदारी बिलच्या पंजावर. हाच बिल स्टेजवर बेसवर घोड्यासारखी मांड ठोकायचा. लीच्या कसरतींचं मूळ शोधायचं तर ते इथे सापडतं.

बिलचा आणखी एक किस्सा, खास चवीचा. १९५७ मध्ये एल्विसच्या ‘बेबी आय डोन्ट केअर’ गाण्याच्या रेकॉर्डिंगच्या वेळी त्याला नवा इलेक्ट्रिक बेस काही केल्या जमेना. वैतागून त्याने तो टाकला आणि उठला. मग तो उचलला कोणी? खुद्द एल्विसने! रेकॉर्डवरचा बेस त्याचाच आहे.

आणि बिलचा तो जुना लाकडी बेस? तो आहे पॉल मॅकार्टनीकडे! पत्नी लिंडाने वाढदिवसाला दिलेलं गिफ्ट. बीटल्सच्या ‘रिअल लव्ह’ गाण्यात तोच वाजलाय.

बेसवाल्यांच्या आणखी एका हिरोला सलाम ठोकून पुढे जाऊ. जॉनी कॅशचा बेसिस्ट मार्शल ग्रँट मूळचा मेम्फिसच्या गॅरेजमधला मेकॅनिक. कुठे दाबलं की कुठला सूर येतो हे कळावं म्हणून त्याने बेसच्या मानेवर चिकटपट्ट्या लावल्या होत्या. हात काळे, सूर निळे!

तारखांचं वेड असेल तर ही घ्या. बिल ब्लॅक गेला २१ ऑक्टोबर १९६५ ला, जेमतेम ३९ वर्षांचा. बरोबर २० वर्षांनी, २१ ऑक्टोबर १९८५ ला लंडनच्या लाइमहाऊस स्टुडिओत कार्ल पर्किन्सची जंगी मैफल टीव्हीसाठी चित्रित झाली. पाहुणे कोण? जॉर्ज हॅरिसन, रिंगो स्टार, एरिक क्लॅप्टन! आणि त्या दिग्गजांत डबल बेस घेऊन उभा होता आपला ली, वय वर्षं २४. पुढे त्याने स्कॉटी मूरबरोबरही रेकॉर्डिंग केलं. ज्यांच्या रेकॉर्ड्स घासून घासून शिकला, त्यांच्याच शेजारी उभं राहून वाजवणं यापेक्षा मोठं बक्षीस कुठलं असेल, मला तरी सुचत नाही.

माहीत आहे का, स्ट्रे कॅट्सचा ड्रमर बसतच नाही? स्लिम जिम उभ्यानेच वाजवतो, तेही मोजक्याच ड्रम्सवर. ड्रमचा संसार आटोपशीर, त्यामुळे स्टेज मोकळं आणि लीला बागडायला जागाच जागा.

बँड १९८४ मध्ये फुटला. पण बोकेच ते, फिरून फिरून एकत्र येतच राहिले. मधल्या काळात ली आणि जिमने डेव्हिड बोवीचा गिटारिस्ट अर्ल स्लिक याला घेऊन ‘फँटम, रॉकर अँड स्लिक’ काढला. १९८५ च्या त्यांच्या पहिल्या अल्बमवर पाहुणा गिटारिस्ट होता रोलिंग स्टोन्सचा कीथ रिचर्ड्स! २०१९ मध्ये स्ट्रे कॅट्सचा ‘४०’ आला. २६ वर्षांनंतरचा पहिला नवा स्टुडिओ अल्बम, नाव बँडच्या चाळिशीचं.

आणि या रियुनियनच्या मधली वर्षं? तेव्हा लीचा स्वतःचा बँड गावोगाव फिरतो. इथे तो बेस वाजवता वाजवता स्वतः गातो, म्हणजे हाताला एक ताल आणि गळ्याला दुसरा. त्याच्या साथीला बरीच वर्षं गिटारवर बझ कॅम्पबेल, जो स्वतः सॅन डिएगोच्या ‘हॉट रॉड लिंकन’ या रॉकाबिली बँडचा म्होरक्या. कार्यक्रमात जुनी कॅट्सची गाणी हमखास, जोडीला लीची स्वतःची.

आता होमवर्क! हेडफोन लावा, स्ट्रे कॅट्सचं ‘रॉक धिस टाउन’ सुरू करा, गिटारकडे अजिबात लक्ष देऊ नका. फक्त खालचा तो ‘टक्-टक्’ पकडा आणि गाणं संपेपर्यंत सोडू नका.