समदुःखी साहाय्यक आणि परवान्याची अट

मनोविकारातून वा व्यसनातून सावरलेली व्यक्ती त्याच वाटेवरील दुसऱ्यास आधार देते, तेव्हा तिचा पूर्वानुभव हीच तिची पात्रता होय. अमेरिकेतील जॉर्जिया राज्याने १९९९ मध्ये अशा साहाय्यास ‘मेडिकेड’ या शासकीय योजनेतून मोबदला देऊ केला. २००७ मध्ये तेथील केंद्र शासनाने त्यासाठी प्रशिक्षण, प्रमाणपत्र व देखरेख या अटी घातल्या. अटी रास्तच. परंतु व्यसनाच्या काळात मादक द्रव्ये बाळगल्याबद्दल शिक्षा भोगलेले लोक थोडे नसतात. आणि जेथे पूर्वीचा गुन्हा सरसकट अपात्रता ठरतो, तेथे ज्या अनुभवासाठी माणूस हवा, त्याच अनुभवापायी तो नाकारला जातो. म्हणून गुन्ह्याचे स्वरूप, लोटलेला काळ व नंतरचे वर्तन पाहून प्रत्येक अर्जाचा स्वतंत्र विचार व्हावा. दुर्बळांवरील अत्याचाराचे गुन्हे यात अर्थातच निराळे मानावे लागतील.