माळावरचा लांडगा, खोल पाण्यातला शार्क

नवी पेठेत फेस सीरम घेताना बाटलीमागची बारीक अक्षरं कधी वाचलीत? मी वाचते. त्यात ‘स्क्वालेन’ दिसलं, की मला दोन शिकारी आठवतात. एक आपल्या नान्नजच्या माळावरचा लांडगा, दुसरा समुद्राच्या तळाकडचा गल्पर शार्क.

दोघांत साम्य तसं शून्य. लांडगा जगतो पायांच्या जोरावर, उघड्या माळरानात. गल्पर शार्क शेकडो मीटर खोल, काळोखात. बहुतेक माशांना असते तशी हवेची पिशवी त्याला नाही. त्याला तरंगायला मदत करतं ते तेलानं भरलेलं भलंमोठं यकृत. याच तेलातल्या स्क्वालीनपासून क्रीममधलं स्क्वालेन बनवतात. केरळ, अंदमानकडे त्यासाठी त्याची मासेमारी झाली.

खरा फरक पुढेच आहे. लांडगीण साधारण दोन महिन्यांत विते, एका वेळी चार-पाच पिल्लं. गल्पर शार्कच्या काही जातींत मात्र एकच पिल्लू, तेही सुमारे दोन वर्षांनी! म्हणजे जागा आणि भक्ष्य मिळालं, तर लांडगा लवकर सावरू शकतो. शार्कला तो चान्सच नाही.

पण लांडग्याची जागाच जातेय, बॉस! उजनीचं पाणी आलं, उसाचं क्षेत्र वाढलं आणि माळावर ‘पडीक’ असा शिक्का बसला. देशात वाघ 3,682 (2022 चा अंदाज), तर लांडगे जेमतेम तीन हजारांच्या घरात. वाघाचे टी-शर्ट मिळतात, लांडग्याचे कुठे?

आता गंमत बघा. युरोपातल्या बड्या कॉस्मेटिक कंपन्यांनी 2008 च्या सुमारास शार्कचं तेल सोडायचं ठरवलं. आज स्क्वालेन ऑलिव्हपासून बनतं आणि ब्राझीलच्या उसापासूनही! म्हणजे तिकडचा ऊस शार्कला वाचवतोय आणि इकडचा ऊस लांडग्याला हुसकावतोय. दोष उसाचा नाही हो, तो कुठे लावायचा हे ठरवणाऱ्यांचा आहे.

मग आपण काय करायचं? स्क्वालेन वनस्पतीचं आहे का, हे दुकानदाराला बिनधास्त विचारा. आणि एखाद्या रविवारी मॉल सोडून वनखात्याच्या परवानगीनं नान्नजला जा. माळढोकासाठी 1979 मध्ये घोषित झालेलं हे अभयारण्य शहरापासून जेमतेम वीस-बावीस किलोमीटरवर आहे. लांडगा दिसेलच याची गॅरंटी नाही. पण ज्याला आपण ‘रिकामा माळ’ म्हणतो, तो किती भरलेला असतो, हे नक्की दिसेल.