योगवर्गाला नाव घालण्यापूर्वी

चंद्रपूरच्या बाजारपेठेत दुकान उघडण्यापूर्वी योगवर्गाला जाणारे व्यापारी आता सहज दिसतात. दिवसभर गादीवर बसून आखडलेली कंबर हेच बहुधा निमित्त. मात्र शिकविणारा कोठे शिकला, हे क्वचितच विचारले जाते. उधारी देताना तीन पिढ्यांची चौकशी करणारेही येथे गप्प बसतात!

खासगी वर्ग चालविण्यास प्रमाणपत्राची सक्ती नाही. आयुष मंत्रालयाने २०१५ मध्ये भारतीय गुणवत्ता परिषदेमार्फत ऐच्छिक प्रमाणन सुरू केले. पुढे योग प्रमाणन मंडळ आले. पहिल्या पायरीस सुमारे २०० तासांचा, दुसरीस ४०० तासांचा अभ्यास अपेक्षित आहे. लेखी परीक्षेपेक्षा प्रात्यक्षिकाला गुण अधिक. आसन करून दाखवावे लागतेच, शिवाय परीक्षकांसमोर शिकवूनही दाखवावे लागते. खरी कसोटी हीच. पर्युषणात अठाई करणाऱ्या काकूंना कपालभाती नको, रक्तदाब असलेल्या काकांना शीर्षासन नको, हे आधी विचारून घेणाराच शिक्षक म्हणावा.

घरातील मुलीला वा सुनेला हे शिक्षण घ्यायचे असल्यास लोणावळ्याचे कैवल्यधाम (स्थापना १९२४) दूर पडते. रामटेकच्या कवी कुलगुरू कालिदास संस्कृत विद्यापीठाचे योगविषयक अभ्यासक्रम त्यामानाने जवळ आहेत. दहा दिवसांत ‘योगाचार्य’ करून देणाऱ्या जाहिरातीही येतात. २०० तास दहा दिवसांत म्हणजे रोज वीस तास.