शेजारी सांडपाण्याची वाट मागतो तेव्हा

"भाईजान, गटार तुमच्या बाजूच्या रस्त्याला आहे. परसातून चार इंची पाइप नेऊ द्या." पावसाळ्याच्या तोंडावर मोहल्ल्यात ही विनंती ठरलेलीच. आपण 'ठीक आहे' म्हणतो. पुढे मुलं घर वाढवायला काढतात आणि पाया नेमका त्या पाइपवर येतो.

आधी एक फरक समजून घेऊ. उतारानं आपोआप वाहून येणारं पावसाचं पाणी खालच्या जमीनमालकाला अडवता येत नाही. न्हाणीघर-संडासाचं पाणी पाइपनं न्यायचं असेल, तर मालकाची संमती लागते.

1882 चा सुविधाधिकार कायदा म्हणतो, की पाणी 20 वर्षं उघडपणे, विनाखंड, हक्क म्हणून वाहिलं तर तो हक्कच होतो. परवानगीनं वाहिलेली वर्षं यात धरत नाहीत. मग परवानगी कधीही काढून घेता येईल, असं वाटेल. पण त्याच कायद्याचं कलम 60 पाहा. परवानगीवर विसंबून शेजाऱ्यानं खर्च करून पक्कं काम केलं असेल, तर ती मागे घेता येत नाही. म्हणजे तोंडी 'हो' आणि त्यावर सिमेंटचा चेंबर, की झालं! मग कोर्टात तारखा.

म्हणून नकार देऊ नका, लिहून द्या. पाइप कुठून, किती खोल, फक्त याच घराचं पाणी, फुटला तर दुरुस्ती कोणाची, आणि उद्या आम्ही बांधकाम काढलं तर तो कोणी, कोणाच्या खर्चानं हलवायचा. कायमचा हक्क देणार असाल तर दुय्यम निबंधकाकडे नोंदणी करा. आपल्याकडे वारसांची वाटणी वर्षानुवर्षं राहून जाते. अशा जागेत एकट्या भावाची सही पुरत नाही, बहिणींच्याही सह्या घ्या. मशीद-दर्ग्याच्या वक्फ जागेबाबत तर मुतवल्लींनी परस्पर शब्द देऊच नये.

इमाम मालिक यांच्या 'मुवत्ता'मध्ये एक प्रसंग आहे. जह्हाक बिन खलीफा यांना मुहम्मद बिन मस्लमा यांच्या जमिनीतून पाट न्यायचा होता, ते तयार नव्हते. हजरत उमर (रजि.) यांनी पाट जाऊ देण्याचा हुकूम दिला. मालकाचं नुकसान नव्हतं, उलट त्यालाही पाणी मिळणार होतं. अर्थात तो पाट शेताच्या पाण्याचा होता, संडासाचा नव्हे!

तेव्हा परसात विहीर किंवा बोअर असेल तर पाइप तिथून शक्य तितका लांब न्यायला सांगा. चर बुजवण्याआधी पाणी सोडून सांधे तपासा आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा.