बार्बाडोसमध्ये भाड्याचे घर

बार्बाडोसमध्ये भाड्याच्या घरांचे दोन बाजार आहेत. ते एकाच रस्त्यावर, कधी कधी तर एकाच घराच्या वरच्या आणि खालच्या मजल्यावर चालतात. एकात भाडे अमेरिकी डॉलरमध्ये सांगितले जाते, दुसऱ्यात बार्बाडोसच्या डॉलरमध्ये. एका अमेरिकी डॉलरला दोन बार्बाडोस डॉलर हा दर १९७५ पासून कायम असल्याने हिशेब सोपा आहे. पण जाहिरातीत नुसते डॉलरचे चिन्ह असेल, तर तो डॉलर कोणता हे पहिल्याच फोनवर विचारावे लागते, नाहीतर भाडे दुप्पट निघते. अमेरिकी डॉलरमधली जाहिरात परदेशी माणसावर, बहुधा पर्यटकावर, नजर ठेवून लिहिलेली असते. बाहेरून येऊन परवडणारे घर शोधणाऱ्याची सगळी खटपट असते ती या पहिल्या बाजारातून दुसऱ्यात शिरण्याची.

बेटाचे क्षेत्रफळ सुमारे ४३० चौरस किलोमीटर, म्हणजे जवळपास बृहन्मुंबईएवढे. वस्ती मात्र तीन लाखांच्या आत. बेटाचे अकरा पॅरिश, म्हणजे विभाग, आहेत आणि पत्ता सांगताना पॅरिशचे नाव आधी येते. पश्चिम किनाऱ्यावरचा सेंट जेम्स हा बड्या हॉटेलांचा आणि श्रीमंतांच्या बंगल्यांचा भाग, तिथे स्वस्त घर शोधण्यात वेळ घालवू नये. दक्षिणेकडच्या क्राइस्ट चर्चमध्ये हेस्टिंग्ज, वर्दिंग, ऑइस्टिन्स ही गावे मुख्य रस्त्याला लागून आहेत. तिथे समुद्राकडची बाजू पर्यटकांची. रस्ता ओलांडून चढाने आत गेले की भाडे उतरू लागते. नावात ‘हाइट्स’ किंवा ‘टेरेस’ असलेल्या वसाहती नोकरदार मध्यमवर्गाच्या असतात. घरमालक वर राहतो आणि खालची एक-दोन खोल्यांची जागा भाड्याने देतो, अशी घरे बहुतेक इथेच सापडतात आणि नवख्याला तीच सर्वांत सोयीची पडतात.

मागणी कोणाकडून येते हेही समजून घ्यावे लागते. जुलै २०२० मध्ये सरकारने ‘वेलकम स्टॅम्प’ नावाचा बारा महिन्यांचा परवाना सुरू केला. वर्षाला ५०,००० अमेरिकी डॉलर कमावणाऱ्या आणि परदेशातले काम इथे बसून करणाऱ्या माणसासाठी तो होता. शुल्क एकट्याला २,००० आणि कुटुंबाला ३,००० अमेरिकी डॉलर. त्याआधी, २०१७ च्या मारिया चक्रीवादळाने डॉमिनिका उद्ध्वस्त केल्यावर, तिथले रॉस वैद्यकीय महाविद्यालय २०१९ च्या आरंभी बार्बाडोसला आले आणि त्याच्या विद्यार्थ्यांची सोय क्राइस्ट चर्चमधल्या कव्हर्ली या नव्या वसाहतीत झाली. वेस्ट इंडीज विद्यापीठाचे केव्ह हिल संकुल, घानाहून आलेल्या परिचारिका, शेजारच्या बेटांवरून आलेले कामगार यांची रांग वेगळीच. वेलकम स्टॅम्पवर आलेल्याला जे भाडे स्वस्त वाटते ते परिचारिकेच्या पगाराचा मोठा लचका तोडते, आणि घरमालक दोघांनाही भेटलेला असतो.

भाड्यावर ऋतूचीही हुकमत चालते. डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत युरोप आणि उत्तर अमेरिकेतली थंडी चुकवायला पर्यटक येतात. त्या चार महिन्यांत आठवड्याच्या भाड्यावर जे मिळते ते महिन्याच्या भाड्यात मिळत नाही. म्हणून किनाऱ्याजवळचे घर मे महिन्यात फारच माफक भाड्यात हाती येते आणि करारात बारीक अक्षरांत ‘नोव्हेंबरअखेर रिकामे करणे’ असे कलम निघते. बारा महिन्यांचा करार मागितल्यावर मालक घुटमळला, तर ते घर पहिल्या बाजारातले समजावे. शोध सुरू करायला मे-जून हे महिने उत्तम. ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी संपणाऱ्या क्रॉप ओव्हर या उत्सवाच्या दिवसांत अल्पमुदतीची घरे पुन्हा महागतात.

शोधाची रीत साधी आहे. पहिले काही आठवडे गेस्ट हाउसमध्ये काढायचे आणि कायमची जागा बेटावर आल्यावर, डोळ्यांनी पाहूनच ठरवायची. न पाहिलेल्या घरासाठी आगाऊ पैसे मागणारी जाहिरात सोडून द्यावी. सुटीच्या बंगल्याचे फोटो उचलायचे, भाडे निम्मे दाखवायचे, मालक परदेशात असल्याचे सांगायचे आणि किल्ली कुरियरने पाठवतो म्हणून अनामत उकळायची, ही फसवणूक जगभर चालते तशी इथेही चालते. एजंट आणि वर्तमानपत्रांतल्या छोट्या जाहिराती आहेतच. पण खालच्या मजल्याची जागा रिकामी होणार ही बातमी जाहिरातीआधी कचेरीतल्या सहकाऱ्यांना, चर्चमधल्या मंडळींना आणि कोपऱ्यावरच्या रमशॉपला, म्हणजे दारूच्या छोट्या दुकानाला, कळते. तिथे चौकशी करताना आधी ‘गुड मॉर्निंग’ म्हणावे लागते. अभिवादन न करता थेट कामाचे बोलणे इथे उद्धटपणाचे मानतात, आणि रागावलेल्या दुकानदाराला कोणतेच घर माहीत नसते.

घर पाहताना नवखा माणूस स्वयंपाकघर आणि समुद्राचे दर्शन पाहतो. जाणता आधी छप्पर पाहतो. एक जून ते तीस नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा मोसम. बार्बाडोस इतर बेटांच्या पूर्वेला एकटे असल्याने पुष्कळ वादळे त्याला चुकवून जातात. १९५५ च्या जॅनेटनंतर थेट २ जुलै २०२१ ला एल्सा हे चक्रीवादळ बेटावर आले. ते पहिल्या श्रेणीचे, म्हणजे सर्वांत सौम्य होते, तरी हजाराहून अधिक घरांचे नुकसान झाले आणि त्यांत जुनी लाकडी घरे पुष्कळ होती. या घरांना चॅटल हाउस म्हणतात. १८३८ मध्ये गुलामगिरी पूर्णपणे संपल्यावर मजूर मळ्यातच राहिले, पण जमीन मळेवाल्याची आणि घर तेवढे मजुराचे. उद्या जागा सोडावी लागली तर घर उचलून नेता यावे, म्हणून ते फळ्यांचे बांधून सुट्या दगडांवर ठेवत. अशी घरे दिसायला सुंदर, वारा खेळता ठेवणारी आणि भाड्याला स्वस्त असतात. मात्र वासे भिंतीला लोखंडी पट्ट्यांनी बांधले आहेत का, पत्रे नुसत्या खिळ्यांवर आहेत की स्क्रूवर, व्हरांड्याचे छप्पर मुख्य छपरापासून वेगळे आहे का, लाकडाला वाळवी आहे का, हे पाहिल्याशिवाय ते घेऊ नये. व्हरांड्याचे पत्रे मुख्य छपराला जोडलेले असतील, तर वारा आधी त्यांच्याखाली शिरतो आणि जाताना सगळेच घेऊन जातो.

मराठी वाचकाला या मोसमाची ओळख एका वेगळ्या कारणाने आहे. २९ जून २०२४ ला ब्रिजटाउनच्या केन्सिंग्टन ओव्हलवर रोहित शर्माच्या संघाने टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला आणि बेरिल चक्रीवादळामुळे विमानतळ बंद झाल्याने संघ बेटावरच अडकला. बेरिल दक्षिणेकडून निघून गेले. बार्बाडोसच्या मासेमारी होड्यांची दैना झाली, घरे बहुतांशी वाचली. त्याच वादळाने ग्रेनाडाचे कॅरियाकू बेट जवळजवळ भुईसपाट केले.

छपरानंतर जमीन. बेटाचा बहुतेक भाग प्रवाळी चुनखडीचा, पाणी चटकन मुरवणारा. ईशान्येकडच्या स्कॉटलंड डिस्ट्रिक्टमध्ये मात्र चिकणमाती आहे आणि तिथे उतार खचतात. भिंतीत तिरकी भेग दिसली तर रंगावर विश्वास ठेवू नये. होलटाउन आणि स्पाइट्सटाउनच्या सखल भागांत मोठ्या पावसात पाणी भरते. पूर्वेच्या आणि दक्षिणेच्या किनाऱ्यांवर २०११ पासून सारगॅसम नावाचे समुद्रशेवाळ ढिगांनी येते. ते कुजताना हायड्रोजन सल्फाइड सुटतो, कुजक्या अंड्यांचा वास येतो आणि घरातली वातानुकूलन यंत्रे आणि विजेची उपकरणे गंजतात. समुद्राला खेटून असलेले घर इतके स्वस्त का, याचे उत्तर कधी कधी एवढेच असते.

पाण्याच्या टाकीची चौकशी उत्तरेकडच्या सेंट लूसी आणि सेंट पीटरमध्ये न विसरता करावी, कारण तिथे नळाला तपकिरी पाणी येण्याच्या तक्रारी जुन्या आहेत. गरम पाण्याची चिंता नको. १९७० च्या दशकापासून छपरांवर सौर बंब बसले आहेत. वीज मात्र महाग आहे आणि बिलात इंधनाचा अधिभार वेगळा लागतो. वातानुकूलनापेक्षा पूर्वेचा व्यापारी वारा आत घेणारी खिडकी मोलाची, आणि तिला डासांची जाळी आहे का हे पाहावे. डेंग्यू इथे वरचेवर येतो. वीजपुरवठा ११५ व्होल्टचा असल्याने पुण्याहून नेलेला मिक्सर ट्रान्सफॉर्मरशिवाय चालत नाही. भाकरी भाजायची असेल तर गॅसची शेगडी आहे की नुसती विजेची, हेही विचारून ठेवावे.

सुरक्षिततेबद्दल बेटाला सरसकट चांगले किंवा वाईट ठरवता येत नाही. दोन गल्ल्यांत फरक असतो. दिवसा पाहिलेले घर पुन्हा रात्री नऊच्या सुमारास पाहावे: गल्लीत दिवे आहेत का, माणसे ओट्यावर बसलेली आहेत की दारे बंद आहेत, शेवटच्या बसथांब्यापासून किती चालावे लागते. रमशॉप शेजारी असणे गोंगाटाचे असले तरी एकाकी टेकडीवरच्या घरापेक्षा ते बरे. तिथे बसणाऱ्यांना कोण आले-गेले हे ठाऊक असते. खिडक्यांना लोखंडी गज असतील तर निदान एक गज आतून उघडणारा हवा, नाहीतर आगीत तेच घर पिंजरा होते. बसमार्गावरचे घर थोडे महाग पडले तरी घ्यावे. बसचे तिकीट साडेतीन बार्बाडोस डॉलर, तर करांमुळे जुनी मोटारही इथे महाग.

करार लेखीच हवा. भाडे कोणत्या डॉलरमध्ये, पाणी-वीज-बाग कोणाकडे, वादळाआधी झडपा कोण लावणार आणि छप्पर उडून घर राहण्याजोगे नसेल त्या महिन्यांचे भाडे द्यायचे की नाही, ही कलमे सही करण्याआधी लिहून घ्यावीत. आत जाण्याच्या दिवशी सामानाची यादी करावी, प्रत्येक खोलीचे फोटो काढावेत आणि ते त्याच दिवशी मालकाला पाठवावेत. मालकाच्या विम्यात भाडेकरूचे सामान येत नाही, त्याचा विमा वेगळा उतरवावा लागतो. वीज कंपनीकडे भरलेली अनामतही घरमालकाच्या हिशेबात येत नाही. घर सोडताना ती कंपनीकडेच जाऊन मागावी लागते.