दाढेच्या आकारावरून प्राण्याचं जेवण ओळखणारं 'मोलार'

बदलापूरला उल्हास नदीच्या काठावर मला बकरीच्या जबड्याचं जुनं हाड सापडलं, दाढा शाबूत. धुतलं, मोबाईलने सगळीकडून फोटो काढून थ्रीडी मॉडेल बनवलं आणि 'मोलार'मध्ये टाकलं. मग त्याच दाढेचा पुन्हा स्कॅन केला. दुसऱ्या वेळी आकडा जवळजवळ दुप्पट! दाढ तीच, बकरी तीच.

आधी मोलार म्हणजे काय ते बघू. हे 'आर' या प्रोग्रॅमिंग भाषेतलं मोफत पॅकेज. जेम्स पॅम्पुश आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये त्याची ओळख करून दिली. लॅपटॉप लागतो, पण भारी नको. माझा उल्हासनगरहून घेतलेला सेकंडहँड आहे, चालतो.

गेममधल्या कॅरेक्टरसारखीच इथे दाढ हजारो छोट्या त्रिकोणांची बनलेली असते. मोलार त्यावरून मुख्यतः तीन गोष्टी मोजतं. पहिली, उठाव. अंबरनाथहून मलंगगड दिसतो ना? नकाशावर तो जेवढी जागा घेतो, त्यापेक्षा त्याच्या उतारांचं क्षेत्रफळ कितीतरी जास्त. दाढेचंही तसंच. दुसरी, एकाच दिशेला तोंड असलेले किती तुकडे आहेत. तिसरी सगळ्यात भारी: डिरिश्ले नॉर्मल एनर्जी, म्हणजे पृष्ठभाग किती झटकन वळतो. धारदार कडा असेल तर आकडा मोठा, गुळगुळीत असेल तर लहान. लहान-मोठ्या आकाराने फरक पडत नाही, त्यामुळे उंदीर आणि म्हैसही शेजारी ठेवता येतात. पानं कापून खाणाऱ्या वानराच्या दाढेत हा आकडा सहसा फळं खाणाऱ्या माकडापेक्षा जास्त येतो.

आता माझी चूक. मोबाईलच्या स्कॅनमध्ये बारीक खडबडीतपणा येतो आणि मोलारला प्रत्येक खडा धारदार कडाच वाटतो. एरर वगैरे काही येत नाही, आकडा मस्त छापून येतो! शिवाय माझ्या दोन मॉडेल्समध्ये त्रिकोणही वेगवेगळे होते. संशोधक सहसा मायक्रो-सीटी स्कॅन घेतात, फक्त दाढेचा वरचा भाग कापून ठेवतात, सगळी मॉडेल्स साधारण १०,००० त्रिकोणांवर आणतात आणि सारखीच गुळगुळीत करतात. मी नुसतं गुळगुळीत करून पाहिलं. जितकं करावं तितका आकडा घसरत गेला.

एवढी काटेकोरी कशाला? अंबरनाथचं १०६० सालचं शिवमंदिर ज्या काळ्या दगडाचं आहे, तो ज्वालामुखीचा लाव्हा. असा लाव्हा दख्खनभर पसरत असताना, मधल्या शांत काळात तेलंगणातल्या नास्कलजवळ एक चिमुकला सस्तन प्राणी राहायचा. जी. व्ही. आर. प्रसाद आणि अशोक साहनी यांनी १९८८ मध्ये त्याची माहिती छापली. नाव डेक्कनोलेस्टेस हिस्लोपी, नागपूरच्या स्टीफन हिस्लॉप यांच्यावरून. त्याची ओळख पटली ती मुख्यतः मिलिमीटरभराच्या दातांवरून. तो काय खायचा हे विचारायला दुसरं फारसं काही उरलेलंच नाही. तिथे आकडा चुकून दुप्पट आला तर फळं खाणारा प्राणी किडे खाणारा ठरेल.

तुम्हाला करून बघायचं असेल तर 'मॉर्फोसोर्स' या साइटवर तयार स्कॅन मिळतात. काहींना परवानगी मागावी लागते. मी आता तिथूनच सुरुवात केलीय. बकरीचा जबडा खिडकीत ठेवलाय, आईला अजून माहीत नाही.